डेट्रॉइटची तबकडी, केपटाउनचे श्रोते

अमेरिकेत ‘फोक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाण्याची रॉक संगीताशी सोयरीक जुळली ती १९६५ साली. पिढ्यान्‌पिढ्या गावोगावी गायली जाणारी निनावी गाणी हा फोकचा मूळ अर्थ असला, तरी वुडी गथ्री आणि पीट सीगर यांच्या काळापासून त्या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला होता. एकटा गायक, त्याची साधी लाकडी गिटार, आणि मजुरी, वर्णभेद, युद्ध यांवर आडपडदा न ठेवता बोलणारे शब्द असे त्याचे रूप ठरून गेले होते, आणि विजेवर चालणारी वाद्ये ही त्या वर्तुळात बाजारूपणाची खूण समजली जात असे. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या ‘द बर्ड्‌स’ या वाद्यवृंदाने फोक गायक बॉब डिलनचे एक गाणे इलेक्ट्रिक गिटारवर बसवून खपाच्या यादीत अग्रस्थानी नेले, आणि जुलैत खुद्द डिलन न्यूपोर्टच्या फोक महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घालून उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांपैकी काहींनी त्याची हुर्यो उडवली. हा विरोध फार टिकला नाही. चार-पाच वर्षांत फोक-रॉक हा प्रकार इतका रुळला, की लहानमोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्या शहरोशहरी आपापला डिलन हुडकू लागल्या.

मार्च १९७० मध्ये ‘ससेक्स’ या नव्या कंपनीने बाजारात आणलेला, सिक्स्टो रॉड्रिगेझ या डेट्रॉइटच्या गायकाचा ‘कोल्ड फॅक्ट’ हा अल्बम याच शोधातून निघाला. मायदेशी त्याला कोणी विचारले नाही, ऑस्ट्रेलियात तो हातोहात खपला, आणि वर्णविद्वेषी राजवटीखालील दक्षिण आफ्रिकेत तो गोऱ्या तरुणांच्या एका पिढीच्या घराघरांत पोहोचला. दक्षिण आफ्रिकेतील आपल्या कीर्तीचा गायकाला मात्र जवळजवळ पाव शतक पत्ता नव्हता. या साऱ्याकडे उपेक्षित प्रतिभेला उशिरा मिळालेला न्याय म्हणून पाहण्याची रीत पडली आहे आणि २०१२ च्या एका गाजलेल्या माहितीपटाने ती पक्की केली. ही मांडणी मनाला भावते, पण ती घटनांना पुरी पडत नाही, कारण तबकडी सर्वत्र एकच होती आणि तिचे दैव मात्र प्रत्येक देशात तिथल्या वितरकांनी, नभोवाणीने, सेन्सॉरने आणि त्याहीपेक्षा तिथल्या श्रोत्यांच्या गरजेने घडवले होते.

रॉड्रिगेझचा जन्म १० जुलै १९४२ रोजी डेट्रॉइटमध्ये, मेक्सिकोतून कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबात झाला, आणि सहावे अपत्य म्हणून त्याचे नाव सिक्स्टो ठेवले गेले. मोटारनिर्मितीच्या जोरावर १९५० साली साडेअठरा लाख वस्ती झालेले हे शहर त्याच्या तारुण्यात उतरणीला लागले होते. कारखाने उपनगरांत आणि अन्य राज्यांत हलत होते, गोरी कुटुंबे त्यांच्यामागे शहर सोडत होती, आणि मागे राहिलेल्या कृष्णवर्णीय वस्त्यांचा पोलिसांशी रोजचा खटका उडत होता. जुलै १९६७ मध्ये एका विनापरवाना मद्यालयावर पोलिसांनी घातलेल्या छाप्यातून भडकलेला उद्रेक पाच दिवस चालला, लष्कर बोलवावे लागले आणि ४३ माणसे मेली. त्याच शहरात, त्याच वर्षांत, ‘मोटाउन’ ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची कंपनी अमेरिकेतील सर्वांत सफाईदार आणि सर्वांत खपाऊ प्रेमगीते तयार करत होती. रॉड्रिगेझची गाणी या दोन डेट्रॉइटांमधल्या सांदीत जन्मली, कारण त्यांतला मजकूर रस्त्यावरचा होता आणि वादक बरेचसे मोटाउनचे होते.

त्याची पहिली तबकडी १९६७ सालीच, हॅरी बाल्क या स्थानिक निर्मात्याच्या ‘इम्पॅक्ट’ या छोट्या कंपनीने काढली होती. तिच्यावर गायकाचे नाव ‘रॉड रिगेझ’ असे, मेक्सिकन वळण पुसट होईल अशा बेताने तोडून छापलेले होते. तबकडी चालली नाही, पण बाल्कच्या ‘गोम्बा’ या प्रकाशनसंस्थेशी त्या वेळी झालेला करार मागे उरला. संगीतव्यवसायात प्रकाशनसंस्था म्हणजे गाण्याच्या शब्दांचे आणि चालीचे हक्क सांभाळून त्यावरील उत्पन्न गोळा करणारी संस्था, आणि तिचा हक्क ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीच्या हक्काहून निराळा असतो. हा करार पुढे कसा आडवा आला, ते यथाक्रम येईलच.

डेट्रॉइट नदीकाठच्या ‘द स्यूअर’ नावाच्या मद्यगृहात डेनिस कॉफी आणि माइक थिओडोर या दोघांनी रॉड्रिगेझला प्रथम ऐकले. तो श्रोत्यांकडे पाठ करून गात होता, अशी आठवण दोघांनीही सांगितली आहे. कॉफी हा मोटाउनच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारा गोरा गिटारवादक होता आणि ‘द टेम्प्टेशन्स’ या गायकसमूहाच्या १९६८ च्या ‘क्लाउड नाइन’ मध्ये त्याने पायाच्या कळीने सूर वाकवणारी ‘वा-वा’ गिटार आणून मोटाउनचा ध्वनीच बदलला होता. थिओडोर हा वाद्यमेळ बांधणारा माणूस. या दोघांनी मिळून ऑगस्ट आणि सप्टेंबर १९६९ मध्ये ‘टेरा शिर्मा’ या डेट्रॉइटच्याच ध्वनिमुद्रणगृहात ‘कोल्ड फॅक्ट’ तयार केला.

त्याची घडण कशी झाली, हे समजून घेतल्यावाचून त्याचा ध्वनी इतरांपेक्षा वेगळा का आहे, ते कळत नाही. रॉड्रिगेझला इतर वादकांच्या लयीत बांधून घेणे जमत नसे, म्हणून प्रथम त्याचा आवाज आणि गिटार एवढेच मुद्रित केले गेले, आणि मग त्या नैसर्गिक, किंचित मागेपुढे होणाऱ्या लयीवर बॉब बॅबिटचा बास, अँड्र्यू स्मिथचे ड्रम, कॉफीची इलेक्ट्रिक गिटार आणि थिओडोरने लिहिलेली तंतुवाद्ये व पितळी वाद्ये थरावर थर चढवली गेली. एरवी ताल आधी पक्का करून गायकाने त्यावर गाण्याची रीत असते, इथे तालाने गायकाचा माग काढलेला आहे. ‘शुगर मॅन’ या पहिल्याच गाण्यात याचा परिणाम स्पष्ट ऐकू येतो. साधी गिटार आणि कोरडा, तक्रार न करणारा आवाज यांच्या मागून विजेवर निर्माण केलेले सूं-सूं ध्वनी वर चढतात, भलतीकडूनच पितळी वाद्ये डोकावतात आणि विरतात, आणि गायक मात्र आपल्याभोवती काय चालले आहे याची दखलही न घेता गात राहतो. गाणे नशा विकणाऱ्याला उद्देशून आहे आणि त्यात अमली पदार्थांची नावे येतात, पण त्यात नशेचे गुणगान नाही आणि निषेधही नाही. त्यानंतरच्या ‘ओन्ली गुड फॉर कॉन्व्हर्सेशन’ मध्ये कॉफीची गिटार मुद्दाम फाटक्या, खरखरीत सुरात वाजते, तर ‘क्रूसिफाय युअर माइंड’ ची चाल जवळजवळ अंगाईसारखी मऊ आहे.

बारा गाण्यांच्या या अल्बमची एकूण लांबी अवघी बत्तीस मिनिटांच्या आसपास आहे. बारांपैकी दोन गाणी, ‘हेट स्ट्रीट डायलॉग’ आणि ‘गोमोरा’, रॉड्रिगेझची नाहीत, ती गॅरी हार्वीसह दोन्ही निर्मात्यांच्या नावावर आहेत, आणि कान देऊन ऐकणाऱ्यास त्यांतील शब्दांची ठेवण अधिक ओढून आणलेली वाटते. लांबलचक शीर्षकाच्या ‘एस्टॅब्लिशमेंट ब्लूज’ मध्ये महापौरापासून कचऱ्यापर्यंत आणि बंदुकांपासून मोडलेल्या संसारापर्यंत शहराची झाडाझडती एका दमात घेतलेली आहे, आणि अल्बमचे नावही त्याच गाण्याच्या अखेरच्या शब्दांतून उचललेले आहे. डिलनशी रॉड्रिगेझची तुलना नेहमी होते, पण ती अर्धीच खरी म्हणावी लागेल. डिलनची प्रतिमा बायबल, लोककथा, जुन्या पुस्तकांतली पात्रे यांच्यातून फिरते. रॉड्रिगेझचे जग डेट्रॉइटच्या बारा-पंधरा गल्ल्यांचे आहे, त्यातले पात्र बहुधा शेजारच्या घरातले आहे, आणि तो त्याच्यावर निकाल देण्याची घाई करत नाही.

मुखपृष्ठावर काळा चष्मा आणि टोपी घातलेला रॉड्रिगेझ एका पारदर्शक गोलात मांडी घालून बसलेला दिसतो. त्यावरून हा माणूस कोण, कुठला, किती वयाचा, काहीच उमगत नाही. अमेरिकेत याने फारसे बिघडले नाही, कारण तिथे मुखपृष्ठ पाहणारेच थोडे होते, पण जिथे गायकाविषयी दुसरी कसलीही माहिती पोहोचली नाही, तिथे हेच चित्र पुढे दंतकथेचे बीज ठरले.

अल्बम अमेरिकेत का पडला, याची कारणे देताना सहसा कंपनीच्या लहानपणावर बोट ठेवले जाते, पण ते तितकेसे पटत नाही. क्लॅरेन्स ॲव्हंट या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने काढलेली ससेक्स नवी होती आणि वितरणासाठी ‘बुद्धा’ या दुसऱ्या कंपनीवर अवलंबून होती, हे खरे, तथापि त्याच ससेक्सने १९७१ साली बिल विदर्सचे ‘एंट नो सनशाइन’ आणि खुद्द डेनिस कॉफीचे ‘स्कॉर्पिओ’ हे वाद्यसंगीत देशभर गाजवून दाखवले. अडचण बहुधा निराळीच होती. त्या काळी अमेरिकी नभोवाणी केंद्रे श्रोत्यांच्या वर्णानुसार आणि संगीतप्रकारानुसार काटेकोर वाटली गेली होती, आणि ॲव्हंटचा वावर मुख्यतः सोल संगीत वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय केंद्रांत होता. गिटार घेऊन गाणारा मेक्सिकन वंशाचा फोक गायक त्या केंद्रांच्या चौकटीत बसत नव्हता, आणि ज्या गोऱ्या रॉक केंद्रांत तो बसू शकला असता, तिथे त्याच्यासाठी दार ठोठावणारे कोणी नव्हते. अल्बमचे पहिलेच गाणे अमली पदार्थांविषयी असणे हेही सोयीचे नव्हते, कारण मार्च १९७१ मध्ये तर केंद्रीय दळणवळण आयोगाने अशा गाण्यांबाबत नभोवाणी केंद्रांना जाहीर समज दिली. यात स्वतः गायकाचीही भर होती. श्रोत्यांकडे पाठ करून गाणाऱ्या माणसाला नभोवाणीच्या आणि वृत्तपत्रांच्या लोकांपुढे मिरवणे कठीणच होते. अमेरिकेत किती प्रती खपल्या असतील, या प्रश्नावर ॲव्हंटने पुढे कॅमेऱ्यासमोर हसत सहाचा आकडा सांगितला. त्यातली थट्टा सोडून दिली, तरी नोंद घेण्याजोगा खप झाला नाही, एवढे निश्चित.

तरीही ससेक्सने त्याला दुसरी संधी दिली. ‘कमिंग फ्रॉम रिॲलिटी’ हा अल्बम स्टीव्ह रोलंड या निर्मात्याने लंडनमध्ये मुद्रित केला आणि तो १९७१ च्या अखेरीस निघाला. तोही पडला आणि कंपनीने करार संपवला. ससेक्स स्वतः १९७५ साली बुडाली. रॉड्रिगेझने त्यानंतर घरे पाडण्याची, दुरुस्तीची आणि रंगरंगोटीची अंगमेहनतीची कामे धरली, वेन स्टेट विद्यापीठातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, आणि स्थानिक निवडणुका लढवून हरला. ही वर्षे त्याने हालात काढली, असे चित्र रंगवले जाते. गरिबी होतीच, परंतु तीन मुलींचा बाप, शहराच्या राजकारणात रस घेणारा, सुटातही कामावर जाणारा हा माणूस स्वतःला हरवलेला समजत होता, असे त्याच्या कोणत्याच वक्तव्यातून दिसत नाही. जगाने विसरलेला असणे आणि स्वतःच्या गल्लीत ओळखीचा असणे या दोन गोष्टी एकाच वेळी शक्य असतात.

ऑस्ट्रेलियात त्याचे नाव पसरले ते नभोवाणीमुळे. सिडनीच्या ‘टू एस एम’ केंद्रावरील निवेदक होल्गर ब्रॉकमन याने सत्तरच्या दशकाच्या आरंभी ‘शुगर मॅन’ वाजवायला सुरुवात केली, श्रोते दुकानांत चौकशी करू लागले, आणि आयात केलेल्या प्रतींना चढा भाव येऊ लागला. आयात मालाचा साठा आटल्यावर ‘ब्लू गूज’ या तिथल्या कंपनीने हक्क मिळवून अल्बम स्वतः छापला आणि १९७७ साली ‘ॲट हिज बेस्ट’ हा निवडक गाण्यांचा संग्रहही काढला. पाठोपाठ १९७९ साली रॉड्रिगेझला दौऱ्यासाठी बोलावणे आले. सिडनीतील त्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण ‘अलाइव्ह’ या नावाने १९८१ साली प्रसिद्ध झाले, आणि तो मेला असल्याच्या वावड्यांना त्या नावातच उत्तर होते. १९८१ साली तो पुन्हा गेला, तेव्हा ‘मिडनाइट ऑइल’ हा तिथला नावाजलेला वाद्यवृंद त्याच्याबरोबर होता. म्हणजे पडलेल्या अल्बमचा गायक अकरा वर्षांच्या आत दुसऱ्या खंडावर भरलेल्या सभागृहांपुढे गाऊन आला होता, ही गोष्ट पुढील कथानकात बहुतेकांनी गाळली.

दक्षिण आफ्रिकेची स्थिती सर्वस्वी वेगळी होती. १९४८ पासून सत्तेवर असलेल्या नॅशनल पक्षाने वंशानुसार वस्ती, शाळा, विवाह आणि मतदान यांची कायद्याने वाटणी केली होती, १९६० च्या शार्पव्हिल हत्याकांडानंतर आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी घातली होती आणि १९६४ मध्ये नेल्सन मंडेला यांना जन्मठेप झाली होती. या दमनाचा मुख्य मारा कृष्णवर्णीयांवर होता, हे सांगायलाच नको, पण गोऱ्यांचे मनही मोकळे राहू नये याचा बंदोबस्त राजवटीने केला होता. पुस्तके, चित्रपट आणि गाणी यांच्यावर सेन्सॉर मंडळाची नजर होती, नभोवाणी सरकारच्या हातात होती, आणि दूरचित्रवाणी अनिष्ट विचार आणील या भीतीने ती देशात सुरूच होऊ दिलेली नव्हती. ती आली तेव्हा १९७६ साल उजाडले. आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या आफ्रिकानर समाजावर डच सुधारवादी चर्चचा कडक अंमल होता. गोऱ्या मुलांना शाळा संपताच सक्तीची लष्करी सेवा करावी लागे, तिची मुदत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दोन वर्षांवर गेली, आणि त्यांतील पुष्कळांना नामिबिया-अंगोलाच्या सीमेवर लढायला धाडले जाई. त्यात बाहेरच्या कलाकारांचा बहिष्कार जसजसा वाढला, तसतसा परदेशी गायकाचा कार्यक्रम प्रत्यक्ष ऐकण्याचा योगही दुर्मिळ झाला.

अशा बंदिस्त खोलीत ‘कोल्ड फॅक्ट’ शिरला. कोणा अमेरिकन मुलीने पहिली प्रत आणली, अशी कथा सांगितली जाते आणि तिच्यावर विसंबण्याचे कारण नाही. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातच अल्बम तिथे परवान्याने छापला जाऊ लागला होता. प्रतींवरून कॅसेटी, कॅसेटींवरून आणखी कॅसेटी होत तो वसतिगृहांत, समुद्रकिनाऱ्यांवर आणि लष्करी छावण्यांत फिरला. ‘आय वंडर’ मध्ये गायक एका तरुणीला तिच्या शरीरसंबंधांविषयी सरळ प्रश्न विचारतो, आणि ज्या घरांत रविवारी पत्ते खेळणेही पाप समजले जाई, तिथे एवढेही पुरेसे स्फोटक होते. त्याहून खोल परिणाम ‘एस्टॅब्लिशमेंट ब्लूज’ चा झाला. प्रस्थापित व्यवस्थेविरुद्ध बोलता येते आणि तसे बोलणारा माणूस शत्रू, कम्युनिस्ट किंवा देशद्रोही असेलच असे नाही, ही कल्पना त्या पिढीच्या अनेकांना याच गाण्यातून प्रथम भेटल्याचे त्यांनी पुढे सांगितले. गाणे डेट्रॉइटविषयी होते, पण ऐकणाऱ्यांनी ते आपली राजधानी प्रिटोरिया हिच्याविषयी मानले.

सेन्सॉरची पद्धत या संदर्भात जवळून पाहण्यासारखी आहे. सरकारी नभोवाणीच्या ग्रंथालयात प्रत्येक तबकडीवर कोणते गाणे वाजवायचे नाही याची खूण असे, आणि एखाद्या निवेदकाने खूण दुर्लक्षून ते लावू नये म्हणून त्या गाण्याच्या खाचांवर टोकदार हत्याराने ओरखडे ओढले जात, म्हणजे सुई त्या जागी आली की घसरावी. ‘कोल्ड फॅक्ट’ च्या प्रतीवर ‘शुगर मॅन’ च्या खाचांवर असेच ओरखडे आढळतात. नभोवाणीवर गाणे नाही, गायकाची मुलाखत नाही, वृत्तपत्रांत छायाचित्र नाही, आणि तरीही दुकानात तबकडी मिळते, या विचित्र अवस्थेने रॉड्रिगेझला तिथे अमेरिकी गायकांच्या रांगेतून उचलून वेगळ्या आसनावर बसवले. श्रोत्यांची अशी समजूत होती, की तो अमेरिकेतही डिलन किंवा सायमन-गारफंकेल यांच्या तोलाचा प्रसिद्ध असणारच. माहितीची पोकळी अफवांनी भरली. त्याने रंगमंचावर स्वतःला पेटवून घेतले, गोळी झाडून घेतली, तुरुंगात मेला, अशा नाना कहाण्या फिरत राहिल्या, आणि मृत्यू जितका भयंकर तितकी गाणी अधिक खरी वाटत गेली.

१९८९ साली आफ्रिकान्स भाषेत राजवटीची खिल्ली उडवणाऱ्या रॉक गायकांचा ‘फूएलफ्रेय’ हा दौरा विद्यापीठांतून फिरला. त्या नावात पाखरासारखा स्वैर आणि कायद्याने वाळीत टाकलेला असे दोन्ही अर्थ आहेत. योहान्नेस केरकोरेल आणि कूस कोम्ब्यूस ही त्यातली ठळक नावे, आणि या फळीतील कलाकारांनी रॉड्रिगेझचे ऋण मोकळेपणी मान्य केले आहे. सत्ताधाऱ्यांच्याच भाषेत, त्यांच्याच मुलांनी केलेले हे बंड लहान होते, पण घरातले होते. त्यावरून रॉड्रिगेझच्या गाण्यांनी वर्णविद्वेषी राजवट हादरवली, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. देशातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांपर्यंत हा अल्बम फारसा गेलाच नव्हता. त्यांच्यासाठी सरकारने भाषावार वेगळी ‘रेडिओ बांटू’ केंद्रे चालवली होती, त्यांचे स्वतःचे समृद्ध नागर संगीत होते, आणि प्रतिकाराचे सूर परागंदा झालेल्या मिरियम मकेबा आणि ह्यू मासेकेला यांच्या, तसेच १९७४ साली केपटाउनमध्ये मुद्रित झालेल्या अब्दुल्ला इब्राहिमच्या ‘मानेनबर्ग’ च्या रूपाने त्यांना ठाऊक होते. १६ जून १९७६ रोजी सोवेटोत आफ्रिकान्सच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या शाळकरी मुलांना डेट्रॉइटच्या गायकाकडून व्यवस्थेविरुद्ध बोलायला शिकण्याची गरज नव्हती. ‘कोल्ड फॅक्ट’ ने जे केले ते सुखवस्तू गोऱ्या घरांच्या भिंतींआड केले, आणि त्याचे मोल तेवढ्याच मर्यादेत जोखले पाहिजे.

राजवट १९९४ मध्ये संपली, आणि त्यानंतर गायकाचा शोध घेण्याची निकड वाटू लागली, हा योगायोग नसावा, कारण जगाशी पुन्हा संबंध जोडू पाहणाऱ्या त्या पिढीला आपले दैवत बाहेर कोणालाच माहीत नाही, याचा साक्षात्कार याच काळात झाला. केपटाउनचा तबकड्यांचा जाणकार स्टीफन सेगरमन, ज्याला लष्करी सेवेपासून ‘शुगर’ हेच टोपणनाव पडले होते, त्याने दुसऱ्या अल्बमच्या नव्या सीडीच्या पुस्तिकेत गायकाविषयी कोणाला काही माहिती आहे का, असे आवाहन केले, आणि ते वाचून क्रेग बार्थोलोम्यू या पत्रकाराने पैशाचा माग, मृत्यूच्या वावड्या असे सगळे रस्ते धुंडाळून पाहिले. उलगडा अखेर गाण्यातूनच झाला. ‘इनर सिटी ब्लूज’ मध्ये डिअरबर्न या गावाचे नाव येते, आणि डिअरबर्न डेट्रॉइटला खेटून आहे, हे ध्यानात येताच बार्थोलोम्यूने १९९७ मध्ये माइक थिओडोरला गाठले. रॉड्रिगेझ मेला कसा, असे विचारण्याच्या तयारीत असलेल्या या पत्रकाराला तो जिवंत असल्याचे कळले. त्याच सुमारास गायकाची मुलगी इव्हा हिनेही स्वतःहून संपर्क साधला. ६ मार्च १९९८ रोजी केपटाउनजवळच्या बेलव्हिल वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतींच्या बंदिस्त क्रीडागारात, रॉड्रिगेझ दक्षिण आफ्रिकेत प्रथम गायला. पहिल्याच गाण्यापूर्वी श्रोत्यांच्या जल्लोषामुळे त्याला बराच वेळ नुसते उभे राहावे लागले. दौऱ्याचे सहा कार्यक्रम झाले, आणि तो डेट्रॉइटला परतून पुन्हा बांधकामाच्या कामावर रुजू झाला.

बाहेरच्या जगात यानंतरही दहा वर्षे फारसे काही हलले नाही, पण संगीतकारांच्या कानांनी त्याला शोधून काढले होते. न्यूयॉर्कचा रॅप गायक नास याने २००१ साली ‘शुगर मॅन’ चा तुकडा आपल्या गाण्यात वापरला, उत्तर आयर्लंडच्या डेव्हिड होम्सने ते गाणे २००२ च्या आपल्या संग्रहात घेतले, आणि सिॲटलच्या ‘लाइट इन द ॲटिक’ या जुनी दुर्लक्षित ध्वनिमुद्रणे पुन्हा प्रकाशित करणाऱ्या कंपनीने २००८ मध्ये ‘कोल्ड फॅक्ट’ आणि पुढच्या वर्षी दुसरा अल्बम नव्याने काढला. या वेळी अमेरिकी समीक्षकांनी त्याचे स्वागत केले. १९७० साली जे मिश्रण कोणत्याच कप्प्यात बसत नव्हते, तेच आता त्याचे वैशिष्ट्य ठरले.

स्वीडनच्या मलिक बेंजेलूल याचा ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ हा माहितीपट २०१२ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि २०१३ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. पैसे संपल्यावर त्यातील काही दृश्ये बेंजेलूलने मोबाइलवर चित्रित केली होती. माहितीपट म्हणून तो देखणा आणि चतुर आहे, शोधाची उत्कंठा तो शेवटपर्यंत ताणून धरतो, परंतु ती ताणण्यासाठी त्याने ऑस्ट्रेलिया पूर्ण वगळला. १९७९ चा दौरा सांगितला असता, तर मृत समजल्या गेलेल्या गायकाचा पंचवीस वर्षांचा विजनवास उभा राहिलाच नसता. कथनाची सोय म्हणून ते समजण्यासारखे असले, तरी यामुळे जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात या अल्बमचा जो इतिहास पक्का झाला, तो अर्धाच आहे, आणि इतिहासकाराला आता गायकाबरोबर माहितीपटाच्याही दंतकथा उकलाव्या लागतात.

माहितीपटाने एक प्रश्न मात्र नेमका उघडा पाडला, तो पैशाचा. दक्षिण आफ्रिकेतील कंपन्यांनी आपण रॉयल्टी ससेक्सकडे पाठवत होतो, असे सांगितले. गायकाला त्यातले काही मिळाले नव्हते. आणि ॲव्हंट या प्रश्नावर कॅमेऱ्यासमोर चिडला. तबकडीवरील एक बारीक तपशील इथे अर्थपूर्ण ठरतो. ‘कोल्ड फॅक्ट’ वर रॉड्रिगेझच्या गाण्यांचे कर्ते म्हणून सिक्स्टो रॉड्रिगेझ हे नाव नव्हतेच, ‘जीझस रॉड्रिगेझ’ आणि ‘सिक्स्थ प्रिन्स’ अशी नावे छापलेली होती. बाल्कच्या संस्थेशी झालेल्या त्या जुन्या कराराने रॉड्रिगेझची गाणी गोम्बाच्या मालकीची होती आणि ती लपवण्यासाठीच ही नावे योजली गेली, असा दावा करत गोम्बाने २०१४ मध्ये मिशिगनच्या संघीय न्यायालयात ॲव्हंटविरुद्ध फिर्याद केली, आणि त्या प्रकरणात खुद्द रॉड्रिगेझही ओढला गेला. जवळजवळ अर्धशतकापूर्वी, एका न चाललेल्या तबकडीच्या काळात झालेली सही अशा रीतीने, गाण्यांना प्रथमच मोठे उत्पन्न येऊ लागताच, पुन्हा पुढे आली.

ऑस्करच्या समारंभाला रॉड्रिगेझ गेला नाही. चित्रपट करणाऱ्यांचे श्रेय आपल्याकडे वळू नये, हे कारण सांगितले गेले. पुढील काही वर्षे तो अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतील मोठ्या सभागृहांत गायला. तोवर त्याची दृष्टी अधू झाली होती, त्याला हात धरून मंचावर आणावे लागे, आणि काही कार्यक्रमांविषयी समीक्षकांनी नाराजीही नोंदवली, जी रास्त होती, कारण वादकांच्या लयीत बांधून न घेण्याची १९६९ ची अडचण सत्तरीत सुटलेली नव्हती आणि आता त्याच्या मागे थर चढवायला थिओडोर नव्हता. श्रोत्यांना मुख्यतः त्याच दोन अल्बममधली गाणी हवी असत. तिसरा स्टुडिओ अल्बम त्याने कधीच केला नाही. ८ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, रॉड्रिगेझचे निधन झाले, आणि पाचच दिवसांनी, १३ ऑगस्टला, क्लॅरेन्स ॲव्हंटही गेला.